बादलीत पडते ती गळती नव्हे

त्या शनिवारी दुपारी भडक्याने आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसायचं ठरवलं, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

भडक्या हे त्याचं घरातलं नाव. वडिलांनी पाळण्यात ठेवलेलं नाव चांगलं गुळगुळीत होतं, पण ते त्याला कधी चिकटलंच नाही. कॉलेजात स्टॅटिस्टिक्सच्या दुसऱ्या वर्षी भर वर्गात उठून, "सर, हे तुम्ही मागच्या वर्षीसुद्धा चुकीचंच शिकवलं होतं," असं सांगून तो बाहेर पडला, तो पुन्हा आत गेला नाही. (सर चुकीचंच शिकवत होते. पण त्यांची नोकरी कायम होती, त्यामुळे चुकाही कायम झाल्या होत्या.)

साध्या माणसांच्या भाषेत याला कॉलेज सोडणं म्हणतात. भडक्याचं दुर्दैव असं, की त्याचे वडील साध्या माणसांची भाषा कधीच विसरले होते. ते उच्च शिक्षण खात्यात आकडेवारी विभागाचे प्रमुख. सगळं ऑफिस त्यांना आकडेसाहेब म्हणे. कुठल्या कॉलेजात किती विद्यार्थी आले, किती टिकले, किती मधेच पळाले, हे मोजणं त्यांचं काम. जे पळाले त्यांना खात्यात 'गळती' म्हणतात. गळती कमी करायचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे पोरांना नीट शिकवणं. हा बेभरवशाचा. दुसरा म्हणजे गळतीची व्याख्या बदलणं. आकडेसाहेबांनी उभी हयात दुसऱ्या मार्गावर घालवली होती, आणि त्यांना गुडघेदुखी सोडता कसलाही पश्चात्ताप नव्हता.

त्यांची सगळ्यात गाजलेली व्याख्या अशी: 'ज्या विद्यार्थ्याचा महाविद्यालयाशी संपर्क कायम आहे, त्यास गळतीत धरू नये.' वाचायला किती निरुपद्रवी. पण ती भडक्याला कशी चावली ते ऐका.

भडक्याला प्लंबिंगचा कोर्स करायचा होता. खरंच करायचा होता. आयुष्यात त्याला मनापासून हवी झालेली ही पहिलीच गोष्ट. तिथला प्रवेश महिन्याभराने, एका सोमवारी, बंद होणार होता आणि त्यासाठी कॉलेज सोडल्याचा दाखला लागत होता. तो मागायला भडक्या कॉलेजात गेला. खिडकीतल्या क्लार्कने त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि आधी त्याची हजेरी लावली.

"तू आलास, म्हणजे संपर्क आहे," क्लार्क म्हणाला. "संपर्क आहे म्हणजे तू सोडलेलं नाहीस. आणि सोडलंच नाहीस, तर सोडल्याचा दाखला देऊ कसा?"

दुसऱ्या दिवशी भडक्या भांडायला गेला. हजेरी लागली. तिसऱ्या दिवशी त्याने टेबलावर मूठ आपटली. क्लार्कने शेरा मारला, 'सहभाग उत्तम'. महिनाभरात त्याची हजेरी इतकी भरली, की शिकत होता तेव्हाची हजेरी तिच्या पासंगालाही पुरली नसती.

वडिलांना सांगून उपयोग नव्हता. व्याख्या त्यांचीच. शिवाय यंदा त्यांनी वार्षिक अहवालात स्वतःच्या अखत्यारीतली गळती शून्य दाखवली होती, आणि त्या शून्याला त्यांच्याच पोटच्या पोराने भोक पाडावं हे त्यांना कसं चालणार? भडक्या विषय काढी. साहेब म्हणत, "तू अनियमित आहेस." बस, संपलं. जसा काही तो माणूस नसून पाळी होता किंवा पाऊस.

त्याच सुमारास स्वयंपाकघरातल्या सिंकखाली पाणी गळायला लागलं.

आईने चिंधी बांधली, पाणी चिंधीतून आलं. मग तिने प्लंबरला बोलवू का विचारलं. साहेब गुडघे सांभाळत वाकले, आत डोकावले, आणि तिथे त्यांनी एक बादली सरकवली. वर सिंकपुढे जुन्या साडीचा पडदा लावला. मग आईला समजावून सांगितलं, की पाणी जमिनीवर पडलं तर ती गळती. बादलीत पडतंय ते संकलन. आई म्हणाली, संकलन तर संकलन, पण उपसायचं कुणी? त्यावर साहेबांकडे व्याख्या नव्हती, म्हणून ते पेपर वाचायला गेले.

भडक्या पान्हा घेऊन पुढे झाला, तर त्याला हात लावू दिला नाही. स्टॅटिस्टिक्सच्या विद्यार्थ्याने पान्हा धरलेला शेजाऱ्यांनी पाहिला म्हणजे? तेव्हा आईने गुपचूप प्लंबरच्या दुकानात निरोप ठेवला. तिथून कळलं, की दुकानाचा फोन प्लंबरची बायको सांभाळते, ती घरच्या नंबरावर उलटा फोन करील.

फोन आला तो त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी दुपारी. साहेब आंघोळीला गेले होते. (सुटीच्या दिवशी ते दुपारी तासभर आंघोळ करत आणि तिला 'उशिराची' न म्हणता 'दुसऱ्या सत्रातली' म्हणत.) फोन आईने उचलला. पलीकडे बाईमाणूस, आवाज दणदणीत. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम मुद्द्यावर: गळतीची खरी परिस्थिती काय आहे?

भडक्या फोनशेजारी स्टुलावर बसला होता. वडिलांच्या ऑफिसात ऐकलेला तो आवाज त्याने ओळखला. या संचालकबाई, वडिलांच्या वरिष्ठ. अहवालावर सही करण्याआधी त्या अशा अचानक फोन करून लोकांची झोप उडवतात हे त्याला ठाऊक होतं. आईचा दंड धरून 'अगं, त्या मॅडम आहेत' एवढं सांगायला एक क्षण पुरला असता. त्याने तोंड उघडलंसुद्धा. मग त्याच्या मनात आलं, महिनाभर ओरडून काय मिळालं? हजेरी. आणि त्याने तोंड मिटलं.

"परिस्थिती काय सांगू," आई सुस्कारा टाकून म्हणाली. "आधी थेंब थेंब होती, आता धार लागलीये."

मग बाईंनी विचारलं, की साहेब तर म्हणतात गळती नाहीच.

"ते म्हणणारच हो. ह्यांचा आपला एकच हेका, गळती म्हणायचं नाही, संकलन म्हणायचं. पुढे पडदा लावून ठेवलाय. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सगळं कसं छान आहे. आत बघाल तर सडलंय सगळं."

"कधीपासून?"

"अहो, मूळ जोडच नीट बसलेला नाही. वरचं खालच्याशी जुळतच नाही. ह्यांना कितीदा सांगितलं, मुळापासून उचकटा म्हणून. पण ऐकतील तर शपथ."

संचालकबाई शिक्षण खात्यात मुरलेल्या. तिथे सगळेच पडद्याआडचं आणि मुळापासूनचं बोलत असतात, त्यामुळे त्यांना यात काही वेगळं वाटलं नाही. एका अधिकाऱ्याची बायको नवऱ्याविरुद्ध एवढं स्पष्ट बोलते याचंच त्यांना नवल वाटलं असावं. त्या म्हणाल्या, मी जवळच आहे, लगेच स्वतः येऊन बघते. आईने त्यांना पत्ता सांगितला आणि वर म्हणाली, येताना हत्यारं घेऊन या.

फोन ठेवून आई खूश. "बघ, बाई असून स्वतः येतेय. नाहीतर आपल्या घरातले पुरुष."

भडक्या अजूनही गप्पच. आता मात्र तो अडकला होता, कारण थट्टा जितकी मोठी होत जाते तितकं तिच्यातून उतरणं अवघड होतं. तो उठला, आईला सांगायला दोनदा पुढे गेला आणि दोनदा पाणी पिऊन परत आला.

बेल वाजली. दारात संचालकबाई, कडक साडी, काखेत चामडी बॅग. आईने बॅगेकडे पाहिलं, हत्यारं आणलीत हे बघून तिचं समाधान झालं.

"या वहिनी, या. चपला राहू द्या, आत सगळं ओलंच आहे."

वहिनी? बाई क्षणभर चरकल्या. पण आईने त्यांना विचार करायला उसंत दिली नाही. कोपराला धरून थेट स्वयंपाकघरात नेलं, पडदा बाजूला केला आणि हातात टॉर्च दिला. "ही बघा. आत वाकून बघा, वरून कळायचं नाही."

आता अधिकाराच्या खुर्चीवर बसलेल्या माणसांची एक गंमत असते. कुणी ठामपणे सांगितलं की ती वाकतात. त्यांना वाटतं, यामागे काहीतरी धोरण असणार. संचालकबाई टॉर्च घेऊन सिंकखाली वाकल्या. आई वरून सांगत होती, तो जोड जरा हलवून बघा.

नेमके तेव्हा साहेब टॉवेल गुंडाळून स्वयंपाकघराच्या दारात आले. समोर त्यांना त्यांच्या वरिष्ठांची पाठ दिसली. बाकीचा भाग सिंकखाली होता. पण वर्षानुवर्षं त्या पाठीमागून चाललेला माणूस ती ओळखणार नाही असं कसं होईल?

"मॅडम?" साहेब किंचाळले.

मॅडम दचकल्या. दचकताना त्यांनी जोड हलवला. आतला पाइप सटकला आणि पाण्याचा फवारा थेट त्यांच्या तोंडावर. बादली कलंडली. इतके दिवस संकलित झालेलं सगळं, व्याख्या झुगारून, जमिनीवर पसरलं. साहेब मदतीला धावावं की टॉवेल धरावा या पेचात जागीच गोल फिरले.

भडक्याने मेन कॉक बंद केला, पान्हा घेतला, बाईंना दंडाला धरून बाहेर ओढलं आणि स्वतः आत शिरला. पाइप बसवला, पांढरी टेप गुंडाळली, नट आवळला, मग कॉक उघडला. थेंबही नाही. त्या क्षणी त्याला जे वाटलं ते कॉलेजच्या दीड वर्षात एकदाही वाटलं नव्हतं.

बाई खुर्चीवर बसल्या होत्या, अंगावर आईची शाल, केसांतून पाणी निथळतंय. साहेब कपडे करून आले होते. घाईत शर्टाची बटणं एक घर चुकली होती.

"म्हणजे फोनवर तुम्ही," बाई आईला सावकाश म्हणाल्या, "या गळतीबद्दल बोलत होता?"

"मग दुसरी कुठली असते?" आई म्हणाली.

साहेब छताकडे बघायला लागले. भडक्याने सिंकखालून डोकं बाहेर काढलं.

"मी," तो म्हणाला.

मग महिनाभराचं सगळं त्याने ओकलं. खिडकी, क्लार्क, हजेरी, मूठ, सोमवार. साहेब मधेच "अनियमित आहे मॅडम" म्हणाले, पण त्या चुकलेल्या बटणांमुळे त्यात दम राहिला नव्हता. बाई शांतपणे ऐकत होत्या. भडक्याला वाटलं, आता बाबांचं काही खरं नाही. आणि आईशपथ, त्याला वाईटही वाटलं. थोडंसं.

"संपर्काची ती व्याख्या," बाईंनी साहेबांना विचारलं, "तुमची?"

"हो मॅडम," साहेब खाली मान घालून म्हणाले.

"उत्तम आहे. सगळीकडे लागू करायला हवी."

भडक्याच्या हातून पान्हा पडला. म्हाताऱ्यांच्या न्यायबुद्धीवर त्याने तोवर जो काही उरलासुरला भरवसा ठेवला होता तो पान्ह्याबरोबरच फरशीवर आपटला.

"पण त्याला जाऊ द्या," बाई केस पिळत पुढे म्हणाल्या. "असा मुलगा सिंकखालीच शोभतो."

"मॅडम, मग माझ्या शून्याचं काय? एक गळती दिसेल."

"गळती कशी दिसेल? इथून सुटला, तिथे पडला. खाली बादली आहे ना?" बाईंनी कलंडलेल्या बादलीकडे बोट दाखवलं. "त्याला संक्रमण म्हणा."

साहेबांचा चेहरा उजळला. भडक्याने वडिलांना एवढं आनंदात पाहिलं नव्हतं, स्वतःच्या जन्माच्या वेळचं त्याला आठवत नव्हतं म्हणून तो अपवाद सोडून. "मॅडम, आणि मोजणीच्या दिवशी कॉलेजातून त्याचं नाव काढलेलं नसेल. तिकडे मात्र लागलेलं असेल."

"मग दोन्हीकडे मोजा. आपण डोकी मोजत नाही, प्रवेश मोजतो."

बाईंनी तिथूनच प्राचार्यांना फोन लावला. सोमवारी क्लार्कने दाखला दिला, आणि सवयीने त्या दिवशीचीही हजेरी लावली. अहवाल आला त्यात गळती शून्य आणि विद्यार्थीसंख्येत वाढ. ज्याने शिक्षणावर थुंकून कॉलेज सोडलं तो खात्याच्या दप्तरी आता दोन विद्यार्थी होता. आई म्हणाली, मग पोळ्याही दुप्पट लाटू का? साहेब म्हणाले, जेवायला डोकीच मोजायची.

भडक्याने तेही गिळलं. कारण त्याला जे हवं होतं ते मिळालं होतं. तो रोज वेळेवर कोर्सला जायला लागला, घरी येऊन आईला पाण्याचा दाब समजावून सांगायला लागला, आणि जाता-येता सिंककडे अशा नजरेने बघायला लागला जशी काही लोक भिंतीवर टांगलेल्या पदवीकडे बघतात. वडिलांना सुनवायलाही त्याने कमी केलं नाही. झाकणारे झाकत बसले, म्हणे, दुरुस्त करणाऱ्याने केलं.

आठवडाभराने सकाळी आई भांडी घासत होती. भडक्या दाढी करत होता. साहेब पेपरामागे होते.

"भडक्या," आईने हाक मारली, "इकडे ये रे जरा. पायाला ओलं लागतंय."

भडक्या गेला, वाकला, आत बघितलं. त्याच्या त्या आवळलेल्या नटाच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. बघता बघता पडला. मागोमाग दुसरा आला.

पेपराची घडी झाल्याचा आवाज आला. वडिलांची पावलं वाजली आणि दारात थांबली. ते वाट बघत होते.

भडक्याने हात लांब करून कोपऱ्यातली बादली ओढली, अलगद थेंबाखाली सरकवली, आणि उठून हात पुसत म्हणाला, "काही नाही आई. ही गळती नाही. संकलन आहे."

साहेबांनी पुढे होऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. पोरगं शेवटी नियमित झालं होतं.