टेकडी ॲडमिट आहे

वामनकाकाजी माणसाशी बोलण्याआधी त्याचा वास घेतात. नाक वर करून, दोनदा, अगदी तोंडासमोर. या गावच्या शाळेवर रुजू व्हायला मी एसटीतून उतरले, तर समोर हा उंच, वाळका माणूस. हुंगलं आणि विचारलं, "मॅडम, काडीपेटी हाये का जवळ?"

"नाही हो."

"पर्समंधी?"

"पर्समध्येही नाही. मी शिक्षिका आहे."

"शिक्षिकेजवळ नसते, असं कुठी लिवलं हाये?"

माझी भाड्याची खोली त्यांच्या घराला लागूनच निघाली. संध्याकाळी ते गॅसचा लायटर घेऊन आले आणि ओट्यावरची काडीपेटी उचलून घेऊन गेले. मला वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट आहे.

आमचं गाव हिंगणीच्या पलीकडे, टेकड्यांच्या खोबणीत. मधली मोठी टेकडी पूर्वी पार बोडकी होती म्हणतात. मग गावानं ठरवलं: गुरं वर सोडायची नाहीत, गवत कापून खाली आणायचं. उतारावर सगळ्यांनी मिळून चर खणले, रोपं लावली. दिवाळीतच आटणारा नाला आता होळीपर्यंत वाहतो आणि विहिरींना मे महिन्यातही पाणी असतं. भीती एकच. उन्हाळ्यात एक ठिणगी पडली की सगळं संपलं. ही भीती गावानं काकाजींकडे सोपवली. खरं तर ती त्यांच्याकडे आधीपासूनच होती. गावानं फक्त तिला पद दिलं.

काकाजींची सगळी नोकरी सेवाग्रामला दवाखान्यात, वॉर्डात गेली. भाषा तिथलीच राहिली. सकाळ-संध्याकाळ टेकडीवर चक्कर मारायची, तो 'राउंड'. गवत पिवळं पडलं की 'ताप चढला'. शाळेतली पोरं विचारायची, "काकाजी, टेकडीले डिस्चार्ज कधी?" ते गंभीरपणे सांगायचे, "ॲडमिटच राहीन ते. हिरवी दिसते म्हनून फसू नका, पेशंट सिरियस हाये."

गवत कापायला जाणाऱ्यांच्या बिड्या-काडीपेट्या ते पायथ्याशी डब्यात जमा करून घेत आणि संध्याकाळी परत देत. "हे तुही नाई बाप्पा. तुह्या पेटीत अकरा काड्या होत्या." शाळेत खिचडी शिजली की खिडकीत नाक दिसायचं. "धूर कायचा हाये?"

"फोडणीचा, काकाजी."

"करपली काऊन मंग?"

त्यांची धास्ती हळूहळू मलाही लागली. पाढे म्हणून घेता घेता मी मध्येच थांबून हवा हुंगायची. वर्गही हुंगायचा.

तो दिवस मार्च संपतानाचा. सकाळपासून काकाजी तीनदा सरपंचबाईंच्या दारात जाऊन आले होते. "कायतरी होऊन राह्यलं. वारा बरोबर नाई आज." असं ते आठवड्यातून दोनदा म्हणत, म्हणून कोणी उठलं नाही. भर दुपारी शाळा सुटल्यावर ते माझ्याकडे आले. मीही म्हटलं, "बसा काकाजी, पंखा लावते." ते बसले नाहीत. मी पाणी आणायला वळले आणि परत आले, तर ते अंगणातून धावत सुटले होते. टेकडीच्या मागून काळा धूर वर चढत होता.

सगळं गाव धावलं. ओल्या फांद्यांनी आम्ही झोडपत राहिलो. डोळ्यांत धूर, पायांखाली निखारे, आणि वारा सारखा फिरणारा. एका बाजूला फेब्रुवारीत गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा होता. तिथे आग अडली. सूर्य बुडेपर्यंत ती विझली, पण अर्धी टेकडी गेली होती. काकाजी एकेका करपलेल्या रोपाजवळ वाकत होते आणि बुडाशी हात लावून पाहत होते. त्यांना पंख्याखाली बसायला सांगितलेली मी, मला त्यांच्या जवळ जाववेना.

दुसऱ्या सकाळी शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. आग कोणी लावली, हे सरपंचबाईंनी विचारलं. लोक चुळबुळले. कोपऱ्यातून मैनाबाई उठली. सत्तरीची, एकटी राहणारी, टेकडीमागच्या जंगलात मोह वेचून पोट भरणारी म्हातारी.

"म्या लावली," ती म्हणाली. "पाल्यात फूल दिसत नाई. मोहाखालचा पाला झाडून काढाले आता वाकवत नाई मले. थोडासाच जाळतो म्हनलं. इझली वाटली, दुपारी वाऱ्यानं नेली."

सगळे काकाजींकडे पाहू लागले. बिडीच्या थोटकावरून भर बाजारात माणसाची खरडपट्टी काढणारे काकाजी आता काय करतील? मैनाबाईनं पदर तोंडाशी धरला होता.

काकाजी उभे राहिले. मग म्हणाले, "तुमी मोहाखाली किती वाजता जाता?"

"फटफटलं का."

"उद्यापासून पाला मी झाडून देतो. तुमी निस्ती फुलं येचा." आणि ते खाली बसले.

सभा तिथेच संपली. त्या दिवशी काही बायकांनीही मैनाबाईला पाला झाडायच्या आपापल्या पाळ्या सांगितल्या, पण काकाजी रोजच जाऊ लागले आणि कोणाची पाळी यायची वेळच आली नाही.

रविवारी सकाळी मी मुद्दाम तिकडे गेले. मला त्यांची माफी मागायची होती. मोहाखाली पिवळसर फुलांचा सडा पडला होता आणि काकाजी खराटा मारत होते. मैनाबाई टोपलं घेऊन मागे मागे, आणि तिचं तोंड सुरू. "असा झाडतेत का? फुलं दाबून राह्यला तू! नोकरीत काय फक्त पगारच घेतला का रे? खराटा धराची अक्कल नाई!"

अख्ख्या गावाला दरडावणारा माणूस मान खाली घालून म्हणत होता, "हो बाई. चुकलं बाई."

मला राहवेना. "मैनाबाई, अहो ते मदत करतायत ना—"

काकाजींनी घाईनं हात वर केला. "बोलू द्या मॅडम तिले." मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "बायको गेली तवापासून मले कोनी रागावलंच नोतं. सहा वर्सं झाली."

मी जे बोलायला आले होते, ते तसंच राहून गेलं. ते पुन्हा झाडू लागले. सगळं आवार लख्ख झालं, फक्त बुंध्यामागे थोडा पाला उरला.

"काकाजी, तिथलं राहिलं."

"दिसलं मले," ते म्हणाले. "राहू द्या. आता बाई येईन इकडे."