चार सज्जन आणि वीस फेऱ्या

आमचे शेजारी ऑगस्टीन अंकल भेटल्यावर 'कशी आहेस' असं विचारत नाहीत. 'जीभ काढ' म्हणतात.

सिडनीतल्या केलीव्हिलला आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच शनिवारी कुंपणापलीकडून आधी एक टक्कल वर आलं, मग जाड भिंगांचा चष्मा, आणि मग वसईच्या सुरातला आवाज. "मराठी ना गो तुम्ही? जीभ काढ बघू." मी चाळिशीतली, दोन मुलींची आई, बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळणारी बाई. पण त्या आवाजात असं काही होतं की मी मुकाट्याने जीभ काढली. अंकलनी ती नीट पाहिली, "कडा लाल. चिडतेस फार," असं सांगितलं आणि टक्कल खाली गेलं. हे ऐकून नवरा इतका हसला की निदान बरोबर असल्याचं मला तिथल्या तिथे सिद्ध करावं लागलं.

अंकल मुंबईत एका इस्पितळात कंपाउंडर होते. सिडनीला आल्यावर त्यांना पहिली नोकरी मिळाली ती कॅसल हिलच्या एका चिनी औषधांच्या दुकानात. ती तात्पुरती म्हणून धरली आणि बावीस वर्षं केली. भिंतभर लाकडी खण, हातात धरायचा चिमुकला तराजू आणि कागदावर एकेका पेशंटसाठी मांडलेले मुळ्यांचे नि सालींचे ढीग. रिटायर झाले तरी दुकान त्यांच्या डोक्यातून काही गेलं नाही.

"जुना चिनी काढा म्हणजे दरबार असतो, बाय," ते मला कुंपणावर कोपर टेकून समजावत. "एक राजा. तो मुख्य दुखण्याशी लढतो. एक प्रधान, तो राजाला हात देतो. एक मदतनीस, तो राजा फार तापला तर त्याला आवरतो. आणि एक दूत, तो सगळ्यांना धरून बरोबर ठिकाणी नेतो. हा दूत बहुतेक वेळा ज्येष्ठमध. गोड बोलून सगळ्यांना एका पंगतीत बसवणार. आमची मोनिका तशी."

मोनिका आंटी म्हणजे त्यांची बायको. हे ऐकत त्या मागे कपडे वाळत घालत असायच्या. "मी ज्येष्ठमध, आणि हा कोण ते विचार," असं त्या मला म्हणायच्या. अंकल स्वतःला राजा समजायचे हे उघड होतं.

माणसं त्यांना काढ्यांच्या नावानेच लक्षात राहायची. माझ्या नवऱ्याला वारा लागला की सर्दी होते, म्हणून तो 'दालचिनीच्या काडीचा काढा'. हा काढा घेतल्यावर वरून गरम पेज प्यायची आणि पांघरूण घेऊन पडून राहायचं, असं जुन्या पोथीतच लिहिलेलं आहे म्हणे. चिनी लोकही पेज पितात हे कळल्यावर माझ्या मालवणी नवऱ्याला चीनबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली. मी मात्र 'निवांत भटक्याचं चूर्ण'. मनात कोंडून घेणाऱ्या, उसासे टाकणाऱ्या आणि मग भलत्याच माणसावर उखडणाऱ्या लोकांसाठी ते देतात. अंकलनी मला हे नाव दिलं आणि पंधरा दिवसांत लॉकडाऊन लागला. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची सोय नाही आणि मी निवांत भटकी.

"कोविडवर काय आहे हो तुमच्याकडे?" मी मुद्दाम विचारलं.

"लस," अंकल म्हणाले. "आधी लस घे. मग जीभ काढ."

मास्क आले तेव्हा त्यांची फार पंचाईत झाली. सगळ्या सबर्बच्या जिभा कापडाआड गेल्या. कुरियरवाला पार्सल ठेवून दहा पावलं मागे जायचा, तेव्हा अंकल दारातून ओरडायचे, "मेट, मास्क डाऊन, वन सेकंद." तो बिचारा 'नो वरीज' म्हणून जीभ दाखवायचा आणि पळायचा. माझी धाकटी खिडकीतून बघून म्हणायची, "Mum, uncle's doing it again."

हे सगळं हसण्यासारखं होतं, पण त्यात एक गोष्ट अजिबात हसण्यासारखी नव्हती. आंटींना स्ट्रोक होऊन त्या लॉकडाऊनच्या आधीच नर्सिंग होममध्ये गेल्या होत्या. लॉकडाऊन लागेपर्यंत अंकल रोज सकाळी त्यांना भरवायला जात. आता भेटी बंद झाल्या आणि आंटींनी खाणंच सोडलं. नर्सने भरवलेलं त्या गालात धरून ठेवत. नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी फोनवर स्वच्छ सांगितलं की असंच चाललं तर फार दिवस निघणार नाहीत.

अंकलनी चार सज्जनांचा काढा लावला. त्या काढ्याचं नावच तसं आहे. जिनसेंग, एक कंद, पाइनच्या मुळांवर वाढणारी एक बुरशी आणि आपला ज्येष्ठमध, अशी चार साधी, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेली द्रव्यं. अंगात त्राण नाही, अन्नावर वासना नाही, अशा माणसासाठी तो देतात. पण नर्सिंग होमने बाहेरचा काढा घ्यायला नकार दिला, आणि त्यांचंही बरोबरच होतं. म्हणून अंकल रोज नऊच्या व्हिडिओ कॉलवर आंटींच्या समोर बसून तो स्वतः प्यायचे.

"तुम्ही प्यायल्याने त्यांना कशी भूक लागेल?" मी विचारलं.

"नाही लागणार. एवढं कळतं गो मला," ते म्हणाले. "पण ती बघते ना मी पिताना. कधी कधी तोंड हलवते."

भूक लागली ती अंकलना. चार सज्जनांनी त्यांचं काम चोख केलं. महिन्याभरात अंकलच्या शर्टाची बटणं ताणली, आणि मी दिलेली थालीपिठं ते कुंपणाशीच उभ्या उभ्या संपवू लागले. खाताना त्यांचा चेहरा मात्र चोरून खाणाऱ्यासारखा व्हायचा.

माझं कुतूहल चाळवलं ते वेगळ्याच गोष्टीने. काढा गाळल्यावर उरलेला चोथा अंकल बिनमध्ये टाकत नसत. वाळवण घालावं तसा तो स्वतःच्या ड्राइव्हवेवर पसरायचे आणि चर्चला घालायचे काळे बूट चढवून त्यावरून चालायचे. गॅरेजपासून फुटपाथपर्यंत आणि परत, मोजून वीस फेऱ्या. घरून काम करताना माझी खुर्ची नेमकी त्या खिडकीशी. मीटिंगमध्ये मॅनेजर काय म्हणतो याकडे माझं लक्ष नसे, अंकलची कितवी फेरी चालली आहे ते मात्र मला पक्कं माहीत असे.

एकदा विचारलं तर म्हणाले, व्यायाम. दुसऱ्यांदा म्हणाले, चोथ्याने दारात मुंग्या येत नाहीत. मग बूट कशाला, तर चर्च बंद आहे, बुटांना तरी चालवायला नको का? तीन उत्तरं देणारा माणूस काहीतरी लपवतो, हे मी दोन मुली वाढवून शिकले आहे.

मी ठाण्यात वाढले. तिठ्यावर कुणी उतरून टाकलेलं लिंबू दिसलं की वळसा घालून जायचं, हे आमच्या पायांनाच माहीत असतं. अंकलच्या ड्राइव्हवेवरून त्यांना डबा द्यायला जाताना मी तशीच गवतातून जायचे. का, ते मलाही सांगता आलं नसतं.

आणि मग एका सकाळी मी शहाणपणा केला. चोथा पसरून अंकल आत व्हिडिओ कॉलवर होते. म्हटलं, म्हातारा माणूस, बायकोच्या काळजीत, याच्याने साफसफाई होत नसेल. मी होज ओढून आणला आणि त्यांचा ड्राइव्हवे लख्ख धुऊन टाकला. अंकल काळे बूट घालून बाहेर आले आणि ओल्या काँक्रीटकडे बघत उभे राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते गॅरेजच्या पायरीवर बसले आणि हळूहळू नाड्या सोडू लागले. "आजचं राहिलं," एवढंच म्हणाले.

मला दिवसभर काही सुचेना. दुसऱ्या दिवशी त्यांची औषधं आणायला मी आपणहून गेले. कॅसल हिलच्या दुकानाच्या मालकीणबाई मिसेस लिन यांनी दारातूनच पिशवी दिली. मी त्यांना चोथ्याची गोष्ट सांगितली, धुतल्याचीही.

"आमच्याकडची जुनी रीत आहे," त्या त्यांच्या तुटक इंग्रजीत म्हणाल्या. "काढ्याचा चोथा रस्त्यावर टाकायचा. येणारेजाणारे त्यावरून चालतात आणि दुखणं पायांबरोबर घेऊन जातात. आता कुणी मानत नाही. ऑगस्टीनला मीच गंमत म्हणून सांगितलं होतं." मग म्हणाल्या, "पण रस्त्यावर टाकतात. स्वतःच्या दारात कुणी टाकत नाही."

गाडीत बसल्यावर मला रडू फुटलं. आंटींचं दुखणं दुसऱ्या कुणाच्या पायाला लागू नये म्हणून हा माणूस ते आपल्या दारात पसरत होता, आणि रोज वीस वेळा स्वतः उचलायला जात होता.

दुसऱ्या दिवशी कॉलच्या आधी अंकलनी चोथा पसरला. नेहमीसारखा मधोमध दाट, कडेला विरळ. कॉल संपून त्यांची तिसरी फेरी चालू असताना मी मास्क लावून ड्राइव्हवेच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. या वेळी गवतातून गेले नाही.

"मिसेस लिन भेटल्या," मी म्हटलं. "निम्म्या फेऱ्या माझ्या."

अंकल थांबले. मला काय कळलं आहे ते त्यांना कळलं. "बाय, बाजूला हो. तुला पोरी आहेत."

"तुम्ही तरी मानता का हे?"

"नाही गो. काही नाही मानत."

"मग मी चालले तर काय झालं?"

माझी जीभ पाहायचीही त्यांना आठवण राहिली नाही. मग बुटाच्या टोकाने कडेचा चोथा त्यांनी आणखी विरळ केला, जवळजवळ पुसूनच टाकला, आणि मला म्हणाले,

"बरं, चाल. पण तू कडेने. मधला माझा."