मुळेकाकांच्या दोरीवरचे लंगोट

मुळेकाकांच्या गच्चीवर रोज लंगोट वाळत असतात. त्यांच्या घरात बाळ नाही. घरात ते एकटेच आहेत, सत्तरीचे, आणि मागच्या रविवारपर्यंत एक भोपळा.

मल्हारगंज मोहल्ल्यात आमच्या दोघांच्या गच्च्या चिकटून आहेत, मधे कमरेएवढी भिंत. मी घरून काम करते आणि लॅपटॉप घेऊन गच्चीवर बसते, कारण तिथं कुणी बोलायला येत नाही. काका सोडून. ते भिंतीवरून थेट विषयालाच हात घालतात.

"सई भिया, इकडं ये. वेल्क्रो की बटण?"

काका मुलींनाही भिया, म्हणजे भाऊ, म्हणतात. त्यांची सगळी नोकरी नळ विभागात गेली, रस्त्याखालच्या गळत्या शोधण्यात. "पाण्यावर भरोसा नाही करायचा, भिया," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्याकडे चहाला आले तरी आधी कप उचलून बशी कोरडी आहे का बघतात.

त्यांची मुलगी मुग्धाताई कॅनडात असते. तिला मुलगी झाली तेव्हा बाळंतविडा माहेरूनच द्यायचा होता, आणि काकू तर कधीच्या गेलेल्या. मग काकांनीच काकूंच्या जुन्या सुती साड्या फाडून लंगोट शिवले. फोनवर दाखवले, तर ताई म्हणाली, "बाबा, इथं घरभर कार्पेट आहे. नुसते लंगोट नाही चालणार."

झालं. काकांना नवी गळती सापडली.

तेव्हापासून ते लंगोटावर घालायचं कव्हर निवडतायत, ज्यातून पाणी बाहेर येणार नाही असं. ऑनलाइन मागवायचं काम माझं. "तू इंग्लिश मीडियमची. बारीक अक्षरं तुझ्याकडे," असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

मापासाठी त्यांनी लाल भोपळा आणला. भाजीवाल्यानं विचारलं, "दादाजी, भाजी के लिए?" काका म्हणाले, "नहीं, नाप के लिए." भोपळ्याला लंगोट, त्यावर कव्हर, आणि मांड्या म्हणून दोन दुधी पायांच्या भोकांतून आत सरकवलेले. मग आत पेलाभर पाणी ओतायचं. कोमट. "बाळाचं काय गार असतं?" मग भोपळा वर्तमानपत्रावर कुशीवर वळवायचा आणि कागद ओला होतो का, ते चष्मा लावून बघायचं.

रबरी कव्हर पहिल्याच दिवशी बाद झालं. "यात पोरगी उकडून निघेल, यार." वेल्क्रोवाल्यानं धुताना काकूंच्या साडीचे धागे ओढले, तेही गेलं. एक अगदी कोरडं राहिलं, पण काकांनी त्याच्या इलास्टिकमध्ये बोट घालून मान हलवली. "वळ उठतील मांडीवर. नल का वायसर इतना भी नहीं कसते, भिया."

शेवटी एक पिवळं, बटणांचं, आतून मऊ असलेलं पास झालं. कागद खडखडीत कोरडा. काकांनी भोपळा हवेत उचलला.

ताई गणपतीत येणार होती. रजा मिळाली नाही, म्हणून दिवाळीत. तेवढ्यात बाळ वाढलं. काकांनी फोनवरच मांडीचं माप विचारलं, मोठं कव्हर मागवायला लावलं आणि भोपळाही मोठा आणला. जुना आमच्याकडे आला. आठवडाभर आम्ही घारगे खाल्ले. दिवाळीचं उन्हाळ्यावर गेलं, उन्हाळ्याचं परत गणपतींवर. असं तीन वर्षं चाललं. दर वेळी आमच्याकडे घारगे.

"काका, कुरिअर करू या ना," मी एकदा म्हटलं.

"बाळंतविडा कुरिअरनं?" ते इतके दुखावले की दोन दिवस भिंतीपाशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते बोलतच. "तो ओटीत घालतात, भिया. पोरगी समोर बसलेली पाहिजे."

मागच्या रविवारी त्यांनी फोन भिंतीला टेकवून ताईला नवं कव्हर दाखवलं. मी माझ्या जागी लॅपटॉपमध्ये बघत होते.

"बाबा, अहो, तिचे लंगोट सुटले!" ताई हसत म्हणाली. "आता सांगते ती. सगळं टॉयलेटमध्ये."

"अरे वा!" काका ओरडले. "म्हणजे लिकेज बंद! जम के, भिया!" खूप हसले. मग म्हणाले, "आणि यायचं कधी?"

"बघते ना बाबा. आता तिची शाळा सुरू होतेय."

"हां हां. शाळा तर पाहिजेच."

फोन बंद झाल्यावर त्यांनी भोपळ्याचं कव्हर काढलं, लंगोट सोडला. पंच्यानं भोपळा पुसला, खाचाखाचांतून. मग कव्हर पिळलं, झटकलं आणि नेहमीसारखं दोरीवर वाळत घातलं.

थोड्या वेळानं ते भोपळा घेऊन भिंतीपाशी आले.

"आईला दे. म्हणावं, भाजी कर."

मी देठाला धरायला हात पुढे केला. त्यांनी भोपळा झटकन मागे घेतला.

"तिथं नाही, भिया. एक हात खालून. हां. दुसरा पाठीला."

मी तसाच तो खाली आणला. आईनं विळी काढली होती. मी म्हटलं, आज नको.

तो आमच्या स्वयंपाकघरात ओट्यावर आहे. काका रोज सकाळी लंगोट वाळत घालता घालता विचारतात, "कापला का?"

"अजून नाही, काका."

"हां," ते म्हणतात. "घाई काही नाही."