दहाव्याआधीची चौकशी

"पोरगी क्लासला जानार न्हाय म्हंजे न्हाय," असं घरात ठणकावूनच मानसिंगराव नातीला घेऊन बारामतीला आले होते. आले एवढ्याचसाठी की तिनं, वैष्णवीनं, कालपासून धड जेवण केलं नव्हतं. पिंपळीची पोलीस पाटीलकी त्यांनी उभी हयात सांभाळलेली. त्यांच्या हातून चोर म्हणून कधी सुटला नव्हता. सत्त्याण्णव साली गावोगाव ज्याची चर्चा होती, त्या कॉम्प्युटरचं मात्र त्यांना काही कळत नव्हतं, आणि जे कळत नाही त्याला ते आधी संशयितच धरत.

स्टँडामागच्या त्या कॉम्प्युटर क्लासचा मालक रविराज हुशार होता. कोर्सची माहिती सांगायची सोडून त्यानं पडद्यावर एक खेळ लावला.

"आबा, ह्या बेटावरल्या इंग्रजी बंगल्याच्या मालकाचा खून झालाय. नोकर, डॉक्टर आन् मालकाची बायको. तिघांतलाच एक खुनी. सकाळची बोट सुटायच्या आत धरायचा. तुमी कायबी केलं तरी वरचं घड्याळ पुढं सरकतंय, एवढं ध्यानात ठेवा."

मानसिंगरावांनी टोपी नीट केली. "म्या धरला तर पोरगी घरी. सुटला तर तुझ्या क्लासला. दिला शब्द."

वैष्णवी माऊस धरून बसली. इंग्रजी वाचायचं तिनं, माऊस दाबायचा तिनं, आणि खुनी सापडला की घरीही बसायचं तिनंच.

"नोकराला इचार, गाव कुठलं."

"आबा, खुनाचं विचारा की!"

"कुनाचा कोन ते कळल्याबिगर खुनाचं इचारत्यात व्हय?"

तिनं प्रश्नांच्या यादीतून गाव शोधून माऊस दाबला. नोकरानं गाव सांगितलं. मग आबांना त्याचे आईबाप हवे झाले, मग लग्न झालंय का ते, मग सासुरवाडी. नोकर बिचारा मुकाट्यानं सांगत राहिला. घड्याळात मध्यरात्र उलटली.

डॉक्टरची पाळी आली. "ह्येला कायबी इचारू नगंस. नुसता बसीव."

"अशानं वेळ जातो, आबा!"

"जाऊंदे. चावडीत बसवला की मानूस आपसूक बोलतुया."

डॉक्टर खुर्चीत बसला. अधूनमधून पापणी लववायचा, एवढंच. घड्याळ पळत होतं.

"त्यो आपनहून बोलनार न्हाय, आबा," रविराज म्हणाला.

"लई मुरल्याला दिसतुया," आबांनी कौतुकानं मान हलवली.

आबा हरणार म्हणून वैष्णवीला मनातून उकळ्या फुटत होत्या, आणि त्याची लाजही वाटत होती. "आता त्या बाईला विचारायचं," ती म्हणाली.

"काय बोलतीस? घरात मयत झालंय! दहाव्याच्या आत बाईमान्साची चौकशी? आपन भेटाया जायाचं, गप बसायचं आन् उठून यायाचं."

मग तसंच झालं. बाई पडद्यावर बसलेली, आबा पडद्यासमोर खाली मान घालून बसलेले. खेळातल्या खिडकीबाहेर उजाडू लागलं. उठता उठता आबांनी एकदा वर बघितलं आणि ते तिथंच थबकले.

"ती मागं चूल हाय का गं?"

"व्हय. भांडं ठेवलंय वर."

"मयताच्या घरात चूल पेटली? आरं, त्या दिशी शेजारपाजारचं भाकरी आनत्यात! घरचा धनी गेला आन् हिनं सैपाक मांडला? हीच ती. धर तिला!"

वैष्णवीचा हात माऊसवर थांबला. जरा चुकीचं दाबलं असतं तरी आबांना कळलं नसतं. पण आबांची नजर पडद्यावर अशी खिळली होती, की तिला त्यांना फसवणं जमेना. तिनं बाईवरच दाबलं.

कॉम्प्युटरनं विचारलं, पुरावा कोणता? वैष्णवी यादी वाचून दाखवू लागली. यादीत चूल नव्हतीच. आबा "चूल लिव्ह, चूल!" म्हणून ओरडत असतानाच भोंगा वाजला आणि बोट सुटली. बोटीवर काळी हॅट घालून तीच बाई हसत उभी होती.



"म्हंजे म्या वळखली हुती," आबा म्हणाले.

"व्हय, आबा."

"मग सुटली कशी?"

"वेळ संपला. नियम हाय त्यो," रविराज चाचरत म्हणाला.

"कुनी केला ह्यो नियम?"

"ज्यानं खेळ लिव्हला त्यानं."

"त्ये लिव्हायचं हितं शिकवता?"

"सुरवात तर हितनंच हुती, आबा."

मानसिंगराव उठले. नातीकडं वळून, गावात हुकूम सोडायचे त्याच आवाजात म्हणाले, "उद्यापासनं क्लासला यायाचं. नीट शिकायचं. आन् शिकलीस की पयलं काम, दहाव्यापातूर ती बोट बांधून ठिवायची."