इदरूस तांडेल नातीचे पदरीं राहिला ती हकीकत

श्रीसमुद्रनारायण प्रसन्न. वाचणाराचे पायांखालीं भूमि स्थिर असो. शके १७१९ पिंगळनाम संवत्सरीं एका बेटाचें राज्य पालटलें, त्याचें वर्तमान ऐसें जे, बेट टोपकरांनीं मुदतबंदीनें घेतलें होतें, ती मुदत सरली आणि बेट किनाऱ्यावरील थोर पातशहाचे स्वाधीन करावें ऐसें ठरलें. टोपकरांनीं निशाण उतरविलें, तोफा सोडिल्या, मेजवान्या जेविले. मग बेटावर तांडेल लोकांची आळी होती, त्यांचे वाडवडील टोपकरांनींच गलबतें हाकावयास परमुलुखांतून आणिले होते, ते जाऊन पुसते जाहले कीं आम्ही आतां कोणाचे. सरदार बहुत गोड बोलिले. तुम्ही आमची रयत खरी, मात्र आमचे मुलुखीं येऊं नये, ऐसें सांगून एकेक शेला दिला आणि जहाजावर चढले.

मग पातशहाचे दिवाण आले आणि आळीचे वडील इदरूस तांडेल यांस विचारिलें, तुमच्या नाळा कोठें पुरल्या आहेत. तांडेलांची रीत ऐसी कीं मूल जन्मलें म्हणजे नाळ मिठांत घालून गलबतानें मूळ गांवीं धाडावी आणि पणजाचे खजुरीखालीं पुरवावी. इदरूसनें तें गांव जन्मांत पाहिलें नव्हतें, तरी मिशीवर हात फिरवून सांगितलें, "साहेब, एकही या बेटावर नाहीं." मग दिवाणांनीं कायदा वाचिला कीं नाळ बेटाचे मातींत तोच रयत, बाकीच्यांनीं पावसाळ्यापूर्वीं चालतें व्हावें. सारी आळी एका उत्तरांत परकी जाहली. इदरूस घरीं येऊन अन्नास शिवला नाहीं, त्यास आपल्याच मिशीची लाज वाटली.

त्याची लेक हवाबी गरोदर होती. तिला मुलगी जाहली आणि मूळ गांवचें गलबत शीड भरून उभें, आळी ढोल घेऊन धक्क्यावर आली. इदरूस नाळेची पुरचुंडी घेऊन फळीपर्यंत गेला आणि माघारा फिरला, आणि आपले दारापुढें हातांनीं माती उकरूं लागला. हवाबी उंबऱ्यांतून म्हणाली, "बाबा, पणजोबा हिला ओळखायचे नाहींत." तो म्हणाला, "न ओळखोत. इथल्या शिपायानं ओळखली म्हणजे झालं." आणि बोलतां बोलतां रडला.

दिवाण कायद्याचे पक्के. मुलगी रयत ठरली, आणि तान्ही रयत एकटी राहूं शकत नाहीं, सबब आई चाकर आणि आजा चाकर ऐसे तिचे पदरीं राहावे, ही आज्ञा जाहली. हें पाहून आळींतील बाकीच्या बाळंतिणींचे घरींही नाळा दारींच पुरल्या. ज्यांचे घरीं त्या सालीं पाळणा हालला नाहीं, ते गलबतांत बसले, आणि खाडीचे खडक इदरूसच जाणे, म्हणोन त्यानेंच सुकाणू धरून त्यांस बाहेर काढिलें आणि होडींतून एकटा परत आला.

तात्पर्य, राज्य सुखरूप पालटलें, कोणाचें रक्त सांडलें नाहीं. इदरूस नित्य प्रातःकाळीं पाळण्यापुढें उभा राहून नातीस मुजरा करी, आणि ती हंसली म्हणजे कामास जाई.