साखर कायले?

आजवर हे कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. ज्या लेखामुळे कॉलेजात मला मान मिळाला, तो मी मेश्राम सरांच्या वहीतून उतरवला आहे.

सर आणि मी एकाच कॉलेजात संगणक शिकवायचो; स्टाफरूममध्ये त्यांचं टेबल माझ्या शेजारी. समोर काहीही आलं की विचारत, "हे कायले पाहिजे?" टपरीवर तर रोजच. "चहा म्हणजे पाणी, पत्ती अन् आच. साखर कायले? दूध कायले?" टपरीवाला एकदा वैतागला. "सर, मंग कप तरी कायले? ओंजळ धरा." सरांनी त्यावर खरोखर विचार केला.

प्रोग्रामिंगच्या भाषांनाही त्यांनी असंच सोलून काढलं होतं. वहीत तीन चिमुकल्या भाषा होत्या, पानभर नियमांच्या. एकीत फक्त फंक्शन, दुसरीत फक्त वस्तू, तिसरीत फक्त एकमेकांना धाडलेले निरोप. मग एकच काम तिन्हींत लिहायचं, आणि कुठली रीत कुठे अडते ते बघायचं. काम कोणतं, तर धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी.

"निरोपाच्या भाषेत दहा बाया एका टायमाले रोवून राहिल्या," सर सांगत. "फंक्शनवालीत एकीचं झाल्याबिगर दुसरी वाकतच नाही. पाऊस निघून जाते गा."

सर रजेवर होते तेव्हा ती वही मी घरी नेली. चोरी दिसू नये म्हणून रोवण्याच्या जागी बँकेची रांग घातली आणि सूत्रांतली सगळी अक्षरं बदलली. सर यायच्या आत वही जागेवर ठेवली. लेख छापून आला, खाली माझं एकट्याचं नाव. सरांनी विषयही काढला नाही. पुढे ते निवृत्त होऊन आमगावला गेले.

मागच्या महिन्यात त्यांनी बोलावलं. घरात एक खाट, एक खुर्ची. खुर्चीवर माझा लेख. एका सूत्राभोवती पेन्सिलीचा गोल.

"अक्षरं बदलवताना पाहून घेत जा गा. फंक्शनच्या बाहेरच्या नावाले आतल्या नावाचंच अक्षर देऊन बसला. दोघं एक झाले, नियम मोडला."

सरांनी खाटेवरची ती वही उचलली. ते तिची पानं चाळत राहिले.

"पण पुरी वाचलीस ना?"

"दोनदा वाचली, सर."

"बाकी कोणी उघडूनबी नाही पाहिली. घरी येऊन गेले त्या लोकाहीनंबी नाही."

मग ते चहा करायला उठले. फळीवरून डबा काढला. आत साखर होती, दमट होऊन तिचा दगड झालेला. चमच्यानं ती फोडायला त्यांना बराच वेळ लागला.

"साखर कायले, सर?" मी विचारलं.

"पाहुण्याले लागते," ते म्हणाले. घरातला एकुलता कप माझ्या हातात दिला, आणि स्वतः वाटीतून बिनसाखरेचा चहा प्यायले.

लेखातली चूक दुरुस्त करून मी तो छापणाऱ्यांकडे पुन्हा पाठवला आहे. त्यावर सरांचं नाव घालायचं अजून बाकी आहे.