सुभद्राबाईंचं काहून

सुभद्राबाईंना नमस्कार केला तरी त्या "काहून?" म्हणजे "का?" असं विचारतील, अशी आम्हा मुलींची खात्री होती. वाशीमच्या एका छोट्या दवाखान्यात आम्ही सहाजणी नर्सिंग शिकायला होतो आणि त्या आमच्या शिकवणाऱ्या बाई. रोग्याला ताप आहे म्हटलं, की काहून? सारखं पाणी मागतो म्हटलं, की काहून? एकदा स्वयंपाकघरातल्या मांजरीनं दूध पिणं सोडलं, तर आमचा अख्खा वर्ग तासभर तिच्याभोवती बसला. कोणी ताप म्हणालं, कोणी पोटदुखी. शेवटी बाईंनी कपाटामागून अर्धा उंदीर काढून दाखवला.

"अंदाज मंग सांगा. आधी पाहा," म्हणाल्या.

मी आसेगावहून आलेली. बाईंच्या चपला वाजल्या तरी मी दुसरीच्या मागे लपायचे.

एके सकाळी माझी पाळी आदल्या दिवशी बाळंत झालेल्या एका सुनेजवळ होती. खाटेशी सासरा उभा, म्हणून तिनं पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेला. त्याच्यादेखत तो बाजूला कर, असं कसं म्हणायचं? मी लांबूनच पाहिलं आणि कागदावर लिहून टाकलं, 'झोपली आहे.'

बाईंनी कागद वाचला. "झोपली. काहून?"

"हालत नाही म्हणून."

"तोंड पाह्यलं काय तिचं?"

"सासरे उभे हायेत, बाई."

बाई त्याच्याकडे वळल्या. "बाबा, तुमी जरा बाहीर बसा." तो जाताच त्यांनी पदर वर केला. ओठ पांढरेफटक, कपाळावर गार घाम. अंगाखालची चादर रक्तानं भिजली होती.

"डॉक्टरले बोलाव. पळ."

मी पळाले. पायात चपला नव्हत्या हे परत आल्यावर कळलं.

दुपारी धोका टळला आणि डॉक्टर जेवायला गेले. आता आपली आसेगावला रवानगी, असं धरून मी दाराशी उभी राहिले.  बाई मात्र सुनेचा हात धरून स्टुलावर बसल्या होत्या. चार वाजले तरी तशाच. मी भीत भीत नाडी पाहिली, चांगली लागत होती.

"बाई, नाडी ठीक हाये. मंग हात काहून धरून बसल्या?"

त्यांना काहून विचारणारी मी पहिलीच असेन.

"माह्या बहिनीचा सोडला होता," त्या म्हणाल्या. "मलेई वाटलं, झोपली."

मला रडू आलं. मी दुसरं स्टूल ओढलं आणि पलीकडून सुनेचा दुसरा हात धरला. बाईंनी काहून विचारलं नाही.